राहिलेली दिशा

पूर्वी कृतयुग सरत आले असता विंध्याच्या दक्षिणेस, पयोष्णीच्या तीरी, महर्षी चंडघोषांचा आश्रम होता. तेथे औदुंबरांच्या दाट छायेत हरणे निःशंक निजत, वेली आपली फुले आपण होऊन पूजापात्रात ढाळत. त्या रम्य तपोवनात भय ठाऊक होते ते फक्त शिष्यांना. कारण महर्षींनी घोर तप करून अग्नीकडून वर मिळवला होता, की 'माझ्या पाठात जो मध्ये बोलेल, त्याची जीभ तत्क्षणी जड व्हावी.' मागणाऱ्याचे हित पाहूनच वर द्यावा हे खरे. पण तपाला भुलले नाहीत तर ते देव कसले!

पठण मात्र निर्दोष चाले. गुरूंनी एकदा म्हणावे, शिष्यांनी दोनदा म्हणावे. अर्थ विचारण्याची छाती कुणाची नव्हती. राजेमहाराजे येत, तो एकसुरी घोष ऐकून माना डोलावत. पण पाठ झालेल्या त्या मंत्रांचे करायचे काय, हे एकाही ब्रह्मचाऱ्याला सांगता आले नसते. मला त्यांची दयाच येते.

नदीपलीकडच्या अरण्यात करालमुख नावाचा नरभक्षक राक्षस राही. त्याला रोखण्यासाठी रोज सायंकाळी दिग्बंधन होई. महर्षी कमंडलूतील जल एकेका दिशेला शिंपडून मंत्र म्हणत, सीमेवर उभे असलेले शिष्य तो पुन्हा म्हणत आणि ती दिशा राक्षसाला बंद होई.

एका अमावास्येला वार्धक्याने थकलेल्या महर्षींनी दक्षिण बांधली आणि ते थेट पश्चिमेकडे वळले. मधली नैर्ऋत्य राहिली.

सर्वांनी ते पाहिले. बोलले कोणीच नाही. उलट पश्चिमेचा मंत्र नेहमीप्रमाणे दोनदा उमटला. नैर्ऋत्येच्या टोकाला उशिज उभा होता आणि पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा थोरला भाऊ औपगव. मरताना आईने उशिजाचा हात औपगवाच्या हाती दिला होता. औपगवाला दिसले, की वारा नसताना उशिजामागचे गवत वाकते आहे. गोठ्यात गायी दाव्याला हिसके देऊ लागल्या. मागून आलेल्या कुजट, उष्ण श्वासाने उशिजाची शेंडी हलली. तो थरथर कापत होता, पण मंत्र म्हणतच होता!

औपगव पेचात पडला. बोलावे तर वाणी जाईल, न बोलावे तर भाऊ. अंधारातून एक केसाळ पंजा उशिजाच्या खांद्यावर आला, तसा औपगव ओरडला, "गुरुदेव, नैर्ऋत्य राहिली!"

त्याच क्षणी त्याची जीभ शिळेसारखी जड झाली.

"कोण हा उद्धट?" महर्षी गरजले. शाप देण्यासाठी ओंजळीत जल घेऊन ते वळले आणि त्यांना तो पंजा दिसला. शापाचे ते जल त्यांनी मंत्र म्हणत नैर्ऋत्येकडे फेकले. राक्षसाच्या भयंकर किंकाळीने वन दुमदुमले. उशिज वाचला; खांद्यावर नखांचे व्रण तेवढे राहिले.

सीमेपलीकडून करालमुख हसला, "चंडघोषा, मी रोज इथेच येऊन बसतो. मला घाई नाही. तुझ्या शिष्यांचे मौन माझ्याच बाजूचे आहे!"

महर्षींनी पंक्तीकडे पाहिले. "वत्सांनो, तुम्हालाही दिसले होते?"

माना खाली गेल्या.

"मग बोलला का नाहीत?"

राक्षस हाकेच्या अंतरावर असतानाही शिष्य भीत होते गुरूला. हे महर्षींना उमगले. त्यांनी अग्नीला आवाहन केले, "हे हव्यवाहना, या वत्साची वाणी परत दे. हवी तर माझी ने."

ज्वाळेतून अग्नी वदला, "दिलेला वर मला परत घेता येत नाही, उलटवता येतो. औपगव बोलेल. जडत्व यापुढे तुझ्या जिभेला. शिष्याने प्रश्न विचारला तरच ती सुटेल."

दुसऱ्या दिवशी महर्षी आसनावर मुके बसून राहिले. सूर्य कलला, दिग्बंधनाची वेळ झाली, तरी कोणी तोंड उघडेना. औपगवाला तर नुकत्याच परतलेल्या वाणीचा भरवसा वाटेना. गवत पुन्हा वाकू लागले. तेव्हा खांद्यावरचा व्रण चाचपत उशिजाने भीतभीत विचारले, "गुरुदेव, आपण हे जल का शिंपडतो?"

महर्षींच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते बोलू लागले.

त्या परंपरेतले आचार्य तेव्हापासून पाठ संपला की थांबतात आणि शिष्यांच्या तोंडाकडे पाहत राहतात. कोणीच काही विचारले नाही, तर त्यांची नजर हळूच नैर्ऋत्य कोपऱ्याकडे जाते.