मुक्या कोष्ट्याचा होकार

अर्थ राहतो कुठं, ह्यावर शिकलेली माणसं जन्मभर भांडतात. भांडू देत. पण एकदा त्यात भिवरेचा संसार मोडत होता.

तिनं मुक्या सोमा कोष्ट्याशी लग्न केलं. दरबारचे वागीशशास्त्री राजाला म्हणाले, "हे लग्नच नव्हे. शब्द नाही तिथं अर्थ नाही. नवऱ्यानं नुसती मान हलवली."

राजा लग्न मोडायला निघाला, तशी भिवरा पुढं झाली.

"शास्त्रीबुवा, तुमच्या लग्नात काकूंना पसंती विचारली, तेव्हा त्या काय बोलल्या?"

"नवरी कधी चारचौघांत बोलते का? लाजून मान खाली घातली."

"त्याचा अर्थ तुम्ही काय घेतलात?"

शास्त्री गप्प झाले.

"महाराज, शास्त्रीबुवा आत्ता काय म्हणाले, ते सांगू का?"

"नको," राजा म्हणाला, "समजलं. जा, नवऱ्याला घेऊन घरी जा."