लडकू तांडेलाला बोट लागायची

फार वर्षांपूर्वी, खारवेलीच्या किनाऱ्यावर जेव्हा धक्का नव्हता आणि होड्यांना यंत्रं नव्हती, नुसत्या शिडाच्या आणि वल्ह्यांच्या जोरावर लोक दर्यात जायचे, त्या काळी गावात लडकू नावाचा एक कोळी होऊन गेला. अंगानं असा, की दारातून आत यायचं तर आधी एक खांदा आणायचा, मग दुसरा. ओहोटीला चिखलात मचवा रुतला आणि माणसं ढकलून ढकलून दमली, की लडकू म्हणायचा, "सरा बाजूला, त्याला जरा श्वास घेऊ द्या." मग एकटाच तो मचवा ओढून पाण्यात नेऊन सोडायचा, असं म्हणतात.

त्याचा बाप पोशा हा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. वारा कुठला, मासा कुठं, परत कधी फिरायचं, हे सगळं त्यानं सांगायचं आणि खलाश्यांनी ऐकायचं. पोशाचा बापही तांडेल, त्याचाही बाप तांडेल. तेव्हा लडकूनं पुढं काय व्हायचं, हे त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अडचण एकच होती. लडकूला बोट लागायची.

आता बोट कुणाला लागत नाही? पाहुणेरावळे येतात, हौसेनं होडीत बसतात आणि कडेला वाकून परत येतात. पण लडकूचं तसं नव्हतं. होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडून पहिली लाट खाली आली, की त्याचा चेहरा आधी पिवळा पडायचा, मग हिरवा, आणि मग तो कडेला धावायचा. एवढ्या मोठ्या देहातून निघालेला आवाज तो, पार पलीकडच्या गावात जायचा. तिथल्या बायका म्हणायच्या, "खारवेलीच्या होड्या निघाल्या गो, चुलीवर पाणी ठेवा." दर्यावरचे पक्षी बाकी सगळ्यांना सोडून त्याच्याच होडीमागं उडायचे, असंही म्हणतात.

पोशा होता तोवर हे खपून गेलं. पोशा सुकाण धरायचा आणि लडकू दोन उलट्यांच्या मधल्या वेळात चार माणसांचं काम करायचा. पण एका पावसाळ्यात पोशा शेवाळावरून घसरला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. नारळी पौर्णिमा झाली, दर्या उघडला, आणि होडी लडकूच्या हातात आली.

पहिल्याच फेरीत लडकूला ऐन वेळी उमळून आलं. त्यानं सुकाण सोडलं, होडी भरकटली आणि शेजारच्या हाशा तांडेलाच्या जाळ्यात जाऊन अडकली. दोन्ही जाळी फाटली, मासळी गेली. हाशा नात्यानं लडकूचा काका लागायचा, पण जिभेला हाड नव्हतं. किनाऱ्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "पोशाच्या पोरानं बायकांत बसून बोंबील सुकवावेत. तिथं जमीन हलत नाय." लोक हसले. लडकूचे खलाशीही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक करून हाशाच्या होडीवर गेले.

पोशाची होडी वाळूवर उपडी पडली. म्हातारा रोज लंगडत यायचा, तिच्या सावलीत बसायचा आणि तिच्याशी बोलायचा. मुलाशी तो बोलेनासा झाला. ते लडकूला फार लागलं.

मग लडकू औषधाच्या मागं लागला. गावात ज्याला त्याला औषध ठाऊक होतं. एकानं सांगितलं, दारातली चिमूटभर माती खाऊन जा, म्हणजे पोटाला वाटतं आपण घरीच आहोत. लडकूचं पोट तसं भोळं नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलं, नाकाला कांदा बांध. तेव्हा तो कांद्यासकट ओकला. एक म्हातारी म्हणाली, सवय झाली पाहिजे, त्याला जमिनीवरच झुलवा. म्हणून किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाला जुनं जाळं टांगलं, त्यात लडकूला घातला आणि गावातल्या बायकांनी पाळीपाळीनं झोके दिले. थोड्या वेळानं बायका पळाल्या. कोरड्या जमिनीवर, झाडाखाली बोट लागलेला लडकू हा या किनाऱ्यावरचा पहिलाच माणूस, असं म्हणतात.

लडकूची बायको चांगुणा. ती आतल्या मिठागरांकडच्या गावची. तिनं हे सगळे उपाय मुकाट्यानं पाहिले, आणि झोक्याच्या दिवशी नवऱ्याला आंघोळीला पाणी देताना विचारलं, "तू दर्यात नक्की कधी ओकतोस?"

"कधी म्हणजे? सगळा वेळ."

"सगळा वेळ कुणी ओकत नाय. पोटात तेवढं मावतच नाय. कधी ते सांग."

लडकूला सांगता येईना. ओकणारा माणूस ओकायच्या कामात असतो, त्याला कुठलं लक्ष राहतं?

"मग उद्या मी येते," चांगुणा म्हणाली.

त्या काळी बाईमाणूस मासेमारीला होडीत जात नसे. लडकू घाबरत घाबरत बापाला विचारायला गेला. पोशा होडीच्या सावलीत बसला होता. कितीतरी दिवसांनी तो मुलाशी बोलला. म्हणाला, "ने तिला. दुसरा खलाशी तरी कुठं हाय तुला?"

दोघं निघाली. खाडीच्या बाहेर पडताच लडकू कडेला धावला, तर तिथं चांगुणा आधीच वाकलेली. आपल्याआधी कुणीतरी ओकताना लडकूनं जन्मात प्रथमच पाहिलं. त्याला इतकं हसू आलं, की तो स्वतः ओकायचं विसरला.

"हसू नको," चांगुणा कशीबशी म्हणाली. "मी कधी थांबते, ते बघ."

मग दोघांनी तेच काम धरलं. ती त्याच्याकडे चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी बघत राहायची आणि तो तिच्याकडे. हळूहळू त्यांच्या ध्यानात येत गेलं. जाळं नीट करायला खाली मान घातली, की पोट ढवळतं. कडेच्या पाण्याकडं टक लावली, की ढवळतं. होडीच्या पोटात, जिथं कुजक्या मासळीचं पाणी साचतं, तिथं वास घेत पडून राहिलं, की मग बघायलाच नको. पण डोलकाठीपाशी, होडीच्या मधोमध, वाऱ्याकडं तोंड करून उभं राहिलं आणि दूरच्या वेताळाच्या डोंगरावर नजर ठेवली, की पोट खाली बसतं. डोंगर दिसेनासा झाला तर आभाळ आणि पाणी मिळतं ती रेघ धरायची. रात्री ताडी प्यायली आणि सकाळी तळलेले बोंबील खाल्ले तर मरण. उपाशी निघालं तरी मरण. नाचणीची कोरडी भाकरी खाऊन, गालात आल्याचा तुकडा आणि मिठाचा खडा धरला, की बरं.

ताडी सोडायची हे ऐकून लडकू म्हणाला, "त्यापेक्षा ओकलेलं काय वाईट?" चांगुणेनं ताडीचं मडकं उचललं आणि सासऱ्याला देऊन टाकलं. पोशाही तेव्हापासून मोकळेपणानं बोलू लागला, असं म्हणतात.

तर लडकू बरा झाला का? नाही झाला. खरं सांगायचं तर रोज एकदा तो ओकायचाच. पण आता तो सुकाण सोडत नसे. एका हातानं सुकाण धरून मान वळवायचा, ओकायचा, खारं पाणी तोंडावर मारायचा आणि पुन्हा डोंगराकडं बघायचा. ते पाहून जुने खलाशी परत आले. चांगुणा पुन्हा किनाऱ्यावर राहिली, आणि रोज निघताना प्रत्येकाच्या हातावर आल्याचा तुकडा ठेवू लागली. हाशा तांडेल ते बघून म्हणायचा, "आलं खाऊन मासे धरतात होय? मग आंब्याच्या फोडी खाऊन वाघ धरा."

आणि मग आश्विनातला तो दिवस आला.

सकाळपासून वारा पडलेला, आभाळ लख्ख. गावच्या सगळ्या होड्या दर्यात होत्या. अचानक पाणी फिरू लागलं. लाट वर येते, खाली जाते, ते कोळ्याला ठाऊक असतं. पण त्या दिवशी दर्या जात्यासारखा गोल फिरला, आणि वर वळसे घेत डुललाही. असा दर्या त्याआधी कुणी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मासेसुद्धा तोंडं वासून वर आले आणि ओकले, असं म्हणतात. उडते पक्षी खाली बघून हिरवे पडले आणि होड्यांवर येऊन गप बसले.

मग तांडेलांची पाळी आली. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणाला बोट लागली नव्हती, ते एकेक करून आडवे झाले. पहिल्यांदाच लागलेली ती बोट, काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही. जो तो वल्हं टाकून होडीच्या पोटात तोंड घालून पडला. होड्या मोकळ्या सुटल्या आणि ओढीबरोबर कासवखडकाकडं वाहू लागल्या. त्या खडकावर आपटलेल्या होडीची नुसती फळकुटं किनाऱ्याला यायची.

लडकूनं ते पाहिलं. त्याचंही पोट गळ्याशी आलं होतं. त्याला वाटलं, आपणही आडवं व्हावं. पण आडवं झाल्यावर काय होतं, हे त्याच्याइतकं त्या दर्यात कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं आपली होडी हाशाच्या होडीला भिडवली, सुकाण आपल्या खलाश्याच्या हाती दिलं आणि पलीकडं उडी मारली. हाशा मासळीच्या पाण्यात पालथा पडला होता.

"लडक्या, मला मरू दे," हाशा म्हणाला.

"मरायला पुष्कळ वेळ हाय, काका. आधी डोंगराकडं बघ."

त्यानं हाशाला मानगुटीला धरून उचलला, डोलकाठीला टेकवून उभा केला आणि कमरेच्या पुरचुंडीतलं आलं त्याच्या तोंडात कोंबलं. मग एक दोर घेऊन तो या होडीवरून त्या होडीवर उड्या मारत गेला आणि सगळ्या होड्या एकीला एक बांधल्या. प्रत्येक होडीत माणसं उभी करायची, आलं कोंबायचं, तोंड डोंगराकडं वळवायचं आणि हातात वल्हं द्यायचं. मधेच तो स्वतः ओकायचा, तोंड पुसायचा आणि पुढच्या होडीवर जायचा.

"ओकायचं त्यानं खुशाल ओका," तो ओरडून सांगत होता, "पण वल्हं सोडायचं नाय."

आणि त्यांनी सोडलं नाही. ठेका धरून त्यांनी वल्ही मारली, आणि ज्याचा त्याचा घसाही त्याच ठेक्यात लागला. खडक इतका जवळ आला होता, की त्याच्यावरची कालवं दिसत होती. पण होड्यांची ती माळ हळूहळू वळली, खडकाला पाठ दाखवून किनाऱ्याकडं निघाली.

किनाऱ्यावर बायका जीव मुठीत धरून उभ्या होत्या. त्यांना दर्यावरून तो आवाज ऐकू आला. चांगुणा कान देऊन म्हणाली, "माझाच नवरा. पण आज त्याला साथीदार मिळालेत."

एकही होडी गेली नाही, एकही माणूस गेला नाही. हाशा वाळूवर उतरला, तर जमीन हलतेय की थांबलीय, तेच त्याला कळेना. तो बसला आणि लडकूला म्हणाला, "उद्या निघताना मलाही तुकडा देशील ना रं आल्याचा?" लडकू म्हणाला, "चांगुणेकडं माग. वाटप तिचं हाय."

त्यानंतर लडकू पुष्कळ वर्षं तांडेल होता. म्हातारपणी एक दिवस तो दर्यावरून आला आणि ओट्यावर गप बसून राहिला. चांगुणेनं विचारलं तेव्हा म्हणाला, "आज काहीच झालं नाय गो. एकदासुद्धा नाय." ती त्याच्याजवळ बसली. "मग आता दर्यानं तुला सोडलं," ती म्हणाली. त्या दिवसानंतर तो होडीत चढला नाही.

खारवेलीच्या होड्यांना आता यंत्रं आहेत. पण होडीत कुणाला मळमळलं, तर तिथं "बोट लागली" असं अजूनही म्हणत नाहीत. "लडकूबाबा आले," म्हणतात. मग कुणी हसत नाही. तांडेल एक हात सुकाणावर ठेवतो आणि दुसऱ्यानं त्या माणसाची पाठ धरतो. माणूस वाकून सरळ झाला, की विचारतात, "गेले का बाबा?" तो तोंड पुसून "गेले" म्हणाला, की त्याच्या हातात काम देतात.