राखेतली हाक

लोखंडाला वाचा होती त्या काळात सारजा लोहारणीने दोन सळया, सख्ख्या बहिणीच त्या, भट्टीतून लालबुंद काढल्या.

"तार व्हायचंय ना? मग राखेत निवा," ती म्हणाली.

"तिथं एवढा वेळ कोण कुढत बसणार?" म्हणत थोरलीने पाण्यात उडी घेतली आणि क्षणात टणक झाली. राखेच्या अंधारात धाकटी हाका मारत राहिली, "ताई, ये ना गं." हळूहळू निवताना तिचा आतला कण न् कण सैलावला.

दुसऱ्या दिवशी सारजाने दोघींना थंडच, पोलादी पट्टीच्या बारीक भोकातून ओढलं. थोरली कडकन तुटली. धाकटी न तुटता लांबत गेली. तिची तार झाली.

तार वीणेवर चढली. लोक म्हणत, "काय गोड वाजते!" तारेला मात्र स्वतःच्या सुरात एवढंच ऐकू येई: "ताई, ये ना गं."