बाई चुकल्या

डोंगरापलीकडे, रस्ता संपून नदी सुरू होते तिथल्या एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत छडी नव्हती. छडीच्या जागी गाणी होती.

शाळेच्या बाई दूरगावाहून आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओळखलं, की ही पोरं पाढे म्हणायला लागली की डुलक्या घेतात आणि दोरीवर उड्या मारायला लागली की घाम फुटेपर्यंत थांबत नाहीत. मग बाईंनी पाढेच दोरीवर चढवले. ऋतू झोक्यावर बसवले, दिशा फुगडीत घातल्या, हात धुवायचंसुद्धा गाणं केलं. पोरं खेळायची आणि खेळता खेळता शिकून जायची. आया पाणी भरताना पाढे गुणगुणू लागल्या. एका आजोबांना तर म्हातारपणी उत्तर-दक्षिण कळलं आणि ते दिवसभर ज्याला त्याला दाखवत हिंडले.

गावच्या पाटलांना मात्र हे पटत नव्हतं. त्यांनी बाईंना बजावलं होतं, "गाण्यातून एक जरी चूक शिकवलीत, तर गाणी बंद आणि छडी सुरू!"

आणि चूक झालीच.

भूगोलासाठी बाईंनी नदीचं गाणं रचलं होतं. त्यात एक ओळ होती:

वळत वळत नदी आली, वडाखाली उथळ झाली.

ओळ कानाला फार गोड लागायची. पण नदी उथळ होती ती उंबराखाली. वडाखाली होता डोह, माणूस बुडेल एवढा खोल. बाईंनी गाणं घरात बसून रचलं होतं. "वळत"ला "वड" छान जुळला, म्हणून त्यांनी वड घातला. मोठ्यांच्या लक्षात आलं होतं, पण ते हसून म्हणाले, "गाणंच ते! गाण्याला कोण विचारतंय?"

उन्हाळ्यात एकदा बाई स्वतः नदीवर गेल्या. वडाखालच्या काळ्याशार पाण्यात त्यांनी काठी घातली, तर तळच लागेना. नदीपलीकडच्या वाडीतली पोरंही हे गाणं म्हणायची आणि नदी ओलांडून एकटी-दुकटी इकडे यायची.

गुपचूप दुरुस्त करावं का? बाईंच्या मनात आलं खरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात नीट समजावलं. "उथळ पाणी कुठे?" असं विचारलं की सगळी पोरं म्हणत, "उंबराखाली!" पण मधल्या सुट्टीत खेळ सुरू झाला, की त्याच तोंडांतून "वडाखाली उथळ झाली!" बाई ऐकतच राहिल्या. त्यांना भीतीही वाटली आणि नवलही वाटलं. एक एवढीशी ओळ आणि ती जिभेवर अशी जाऊन बसली होती, की डोक्याचंही ऐकत नव्हती!

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाई चावडीवर गेल्या आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "नदीच्या गाण्यात माझी चूक झाली आहे. त्या चुकीनं एखादं पोर डोहात जाईल."

पाटील म्हणाले, "बोललो होतो ना मी? पावसाळा लागायच्या आत ती ओळ पोरांच्या तोंडातून काढा. नाही जमलं, तर गाणी बंद!"

बाईंनी ओळ बदलून पाहिली, चाल बदलून पाहिली. शेवटी गाणं म्हणायचंच नाही असं सांगितलं, तर पोरं दाराआड जाऊन दुप्पट म्हणू लागली. बाई रडकुंडीला आल्या.

तेव्हा पहिलीतली एक मुलगी त्यांचा पदर ओढून म्हणाली, "बाई, गाणं जात नसेल तर राहू दे की. आपण त्याच्याशी भांडू या."

"भांडायचं? ते कसं गं?"

"एकानं चुकीचं म्हणायचं. मग सगळ्यांनी कपाळावर हात मारून ओरडायचं, बाई चुकल्या, बाई चुकल्या!" एवढं बोलून तिनं जीभ चावली.

बाईंच्या मनात आलं, आपली चूक आता पंचक्रोशीतली पोरं टिपेच्या आवाजात गाणार, कदाचित आपण मेल्यावरही गाणार. मग त्या हसल्या आणि तिथेच ओळी जुळवल्या:

बाई चुकल्या, बाई चुकल्या, वडाखाली डोह!
उंबराखाली उथळ पाणी, तिकडे वळा हो!

झालं! पोरांना बाईंची चूक काढायला मिळाली, आणखी काय हवं? वडाचं नाव आलं की एक पाऊल पुढे टाकायचं, कपाळावर हात मारायचा, गर्रकन गिरकी घ्यायची आणि उंबराकडे धूम ठोकायची. हा हा म्हणता खेळ नदीपलीकडच्या वाडीतही पोचला.

पाटील मात्र भडकले. "ओळ काढा म्हटलं, तर ही दुप्पट मोठ्यानं म्हणतात! उद्यापासून गाणी बंद!"

त्याच दुपारी ते गुरं घेऊन नदीवर गेले. वर डोंगरात पाऊस झाला होता, पाणी खळाळत होतं. पलीकडच्या काठावर, वडाखाली, त्यांना त्यांची नात दिसली. लेकीची लेक, वाडीत राहणारी, अजून शाळेचं तोंडही न पाहिलेली. आजोबांकडे यायला ती एकटीच निघाली होती आणि थेट डोहाकडे चालली होती.

"मागे फिर! अगं, मागे फिर!" पाटील ओरडले. पाण्याच्या आवाजात त्यांची हाक त्यांनाच ऐकू येईना.

पोरगी आपल्याच नादात गाणं म्हणत होती. तिनं पाण्यात एक पाऊल टाकलं.

आणि तिनं कपाळावर हात मारला. गर्रकन गिरकी घेतली. टाळ्या वाजवत, उड्या मारत ती काठाकाठानं उंबराकडे गेली, गुडघाभर पाण्यातून इकडे आली आणि तशीच ओलीचिंब आजोबांच्या पायाला बिलगली. आपण कशातून वाचलो, याचा तिला पत्ताही नव्हता.

पाटलांनी तिला उचलून घेतलं. जिथं त्यांची हाक पोचली नव्हती, तिथं गाणं आधीच जाऊन बसलं होतं.

ते नातीला कडेवर घेऊन तसेच ओल्या धोतरानं शाळेत गेले आणि बाईंसमोर हात जोडले. "बाई, गाणी चालू ठेवा. फक्त त्यातलं 'बाई चुकल्या' तेवढं काढा. तुम्हाला असं म्हटलेलं आता मला ऐकवणार नाही."

बाईंनी नातीच्या केसांवरून हात फिरवला.

"राहू द्या, पाटील," त्या म्हणाल्या. "पोरं तीच ओळ सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात."

तात्पर्य: मुलांच्या ओठी दिलेलं गाणं परत घेता येत नाही, म्हणून ते खरं असावं, आणि चुकलंच तर ती चूकही त्यांच्यासोबत गाण्याचं मन असावं.