हत्तीच्या पाठीवरची जागा

फार जुनी गोष्ट. तेव्हा नदीकाठच्या रानातले प्राणी वेलींचा चेंडू करून फुटबॉल खेळत. जो गोल करील त्याला हत्तीच्या पाठीवर बसवून रानभर मिरवायचं, अशी तिथली रीत. गेल्या वर्षी हा मान सशाला मिळाला होता.

यंदा मात्र त्याच्याकडून एकही गोल होईना. सारे म्हणू लागले, "सशाच्या डोक्यात हवा गेलीय." सशाला ते फार लागलं. तो जिवाच्या आकांताने पळू लागला, पण चेंडूच पायाशी येईना.

एका सामन्यात दम खायला तो थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं! हरीण, कोल्हा, माकड, इतकंच काय, धक्के देऊन वाट मोकळी करणारं रानडुक्करसुद्धा पुढे! मिरवणुकीच्या आशेने सगळे समोरच्या गोलापाशी दाटीवाटीने उभे होते. चेंडू पुढे आणणार कोण?

ससा तडक हत्तीकडे गेला. "आजोबा, ती मिरवणूक बंद करा."

"अरे, मग खेळायचं कशासाठी?"

"आधी खेळू तर द्या!"

हत्तीने ऐकलं. पुढच्या सामन्यात जो तो आपापल्या जागी राहिला. रानडुकराने वाट काढली, हरणाने चेंडू दिला आणि सशाने गोल केला. आनंदाच्या भरात हत्तीने सवयीप्रमाणे सशापुढे गुडघे टेकले.

ससा चढला नाही. मागे चिखलात धापा टाकत पडलेल्या रानडुकराकडे पाहत तो म्हणाला, "आजोबा, आधी त्याला उठवा."