पडणे विसरलेला नट

ही कथा सांगणाऱ्यांच्या तोंडी तीन रूपांत आढळते. डोंगराकडचे लोक तिच्यातल्या नटाला धनुर्धराचे सोंग देतात, खाडीकाठचे नावाड्याचे. येथे घेतलेले रूप मैदानी मुलखातले असून त्यात नट पैलवान होतो. पहिल्या दोन रूपांत नटाची चूक शेवटी निस्तरली जाते. या रूपात ती निस्तरली जात नाही. म्हणून हेच अधिक जुने असावे, असे मानावेसे वाटते.

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात गावोगाव खेळ करणारी एक नाटकमंडळी होती. तिच्यातल्या एका नटासाठी लोक चार कोस चालत येत. तो म्हाताऱ्या पैलवानाचे काम करी. खेळात या पैलवानाचा लाडका शिष्यच भर आखाड्यात त्याच्यासमोर उभा ठाकतो. शिष्य हरला, तर त्याला राजाश्रय मिळणार नाही, आणि घरी त्याची माणसे उपाशी असतात. जिंकणे गुरूच्या हातात असते. तरी तो जाणूनबुजून आपली पाठ मातीला टेकवतो. त्या क्षणी डोळे न पुसणारा प्रेक्षक विरळाच.

शिष्याचे काम नटाचा साथीदार करी. बारा वर्षे दोघे एका ताटात जेवले होते. नटाला कुस्तीची तिळमात्र आवड नव्हती. "दोन धडधाकट माणसांनी एकमेकांना लोळवायचं, यात पाहायचं काय?" असे तो म्हणे, आणि संध्याकाळी तेच सोंग घेऊन सुरेख पडे.

एकदा राजधानीत खेळ झाला. नट तोंडावरचा रंग पुसत असता तालमीचा एक वस्ताद पडद्यामागे आला.

"पडलात झकास," वस्ताद म्हणाला. "पण पडताना पैलवानाचं आत काय तुटतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. मातीची गोडीच नाही, तर सोंग कसलं? ही नुसती नक्कल झाली."

ते बोलणे नटाच्या जिव्हारी लागले. त्याने मंडळीच्या वृद्ध सूत्रधाराकडे चार महिन्यांची रजा मागितली.

"जा," सूत्रधार म्हणाला. "पैलवान कसा असतो ते पाहून ये. पैलवान होऊन मात्र येऊ नकोस, बाबा."

नट तालमीत राहिला. पहिल्या महिन्यात त्याचे अंग ठणकले, दुसऱ्यात माती आवडू लागली, चौथ्यात दुसरे काही आवडेनासे झाले. तो परतला, तेव्हा त्याला पाहून साथीदाराला हसू आवरेना.

"दादा, मान कुठं विसरलास? खांद्यावर थेट डोकंच बसवलंय की!"

"चेष्टा पुरे. उभा राहा, एक पकड दाखवतो."

"मला कशाला रे पकड? मी ठरल्याप्रमाणे तुझ्या छातीवर बसणार, आणि लोक रडणार."

नट हसला नाही.

पुढच्या गावी खेळ लागला. नटाने मांडीवर थाप मारली आणि लोक शहारले. असा पैलवान त्यांनी रंगमंचावर पाहिला नव्हता. झुंज रंगली. पडण्याची वेळ आली, तसा साथीदार नेहमीप्रमाणे त्याच्या कानाशी हळूच म्हणाला, "हं दादा, पड आता."

पडणे नटाच्या मनात होते. अंगात उरले नव्हते. साथीदाराची पकड ढिली होती, आणि ढिली पकड हेरायलाच तर तो चार महिने शिकला होता. त्याने साथीदाराला उचलले आणि आपटले.

लोकांनी एकच जल्लोष केला. नट हात उंचावून उभा राहिला. खालचा माणूस उठत का नाही, हे ध्यानात येईपर्यंत बराच वेळ गेला होता.

साथीदाराचा कणा मोडला होता. तो पुन्हा उभा राहणार नाही, असे वैद्याने सांगितले.

नट त्याच्या उशाशी बसला. साथीदार म्हणाला,

"दादा, त्या म्हाताऱ्याचा जीव शिष्यात होता रे. कुस्तीत नव्हता."

नटाने मान खाली घातली. कुस्ती नावडती होती, तोवर पडताना त्याची नजर शिष्याच्या चेहऱ्यावर असे. त्या संध्याकाळी त्याला फक्त एक ढिली पकड दिसली होती.

जाणते लोक या कथेचा बोध असा सांगतात: पात्राची आवड नटाने समजून घ्यावी, पण स्वतःची करू नये, ती स्वतःची झाली की पात्राची माया दिसेनाशी होते.

कथेचा शेवट मात्र एवढाच आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळीच्या गाड्या पुढच्या गावी निघाल्या. नट साथीदाराच्या खाटेपाशी मागे राहिला.