टेकडीवरल्या माउलीची ओटी

ऐका हो टेकडीवरल्या माउली, तुमची कहाणी.

आटपाट नगरीत राहायची सरूबाई. कपाळीचं कुंकू लवकर पुसलेलं, पदरी एकच लेक मंजुळा. लेक परमुलखी दिली, सात समुद्रांपल्याड नांदू लागली. दोनदा दिवस गेले, दोनदा कूस रिती झाली. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला, मग आई विमानात बसली, लेकीकडं गेली.

सातव्यात ओटी भरायची. पण भरावी कुणी? सवाष्ण हवी. मंजुळा म्हणाली, तूच भर. सरूबाई मागं सरली. आपला हात लागला नि पुन्हा काही झालं तर? लेकीला जवळ घ्यायलाही भिऊ लागली.

मग सवाष्ण धुंडायला निघाली. पहिल्या दारी गेली, तर कुलूप. दुसऱ्या दारी गेली, बाई गोड हसली, समजली काही नाही. तिसऱ्या दारी गेली, कुत्रं अंगावर आलं. परक्या मुलखात खणानारळाचं कुणाला सांगणार, बायांनो?

मग रडत रडत टेकडी चढली. वर एवढंसं देऊळ, आत मांडीवर मूल घेतलेली माउली. सरूबाईनं बाहेरूनच हात जोडले, सवाष्ण धाड म्हणाली.

दारात एक म्हातारी झाडत होती. अंगावर काळी वस्त्रं. नवरा गेला की तिथल्या म्हाताऱ्या काळं घालतात, हे लेकीनं सांगितलेलं. म्हातारीनं खुणेनं विचारलं, हिनं घरी असलेल्या लेकीचं वाढलं पोट हातानं करून दाखवलं. मग म्हातारीनं काय केलं? माउलीपुढचे अक्रोड घेतले, अंजीर घेतले, सरूबाईचा पदर पसरला, ओंजळीनं भरला.

किती वर्षांत त्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. सरूबाई हमसून रडली. मग मनाशी म्हणाली, असले हात वाईट असते, तर माउलीनं आपल्या दारी ठेवले असते का?

तशीच घरी आली. लेकीला पाटावर बसवलं, म्हणाली, "भिऊन तुला दूर लोटलं गं बाळा. तुझी ओटी तुझी आईच भरणार."

दिवस भरले, मुलगी झाली, सगळ्यांआधी आजीच्या मांडीवर आली.

मग हा वसा कसा वसावा? जिची ओटी कुणी भरत नाही, तिला आधी पाटावर बसवावी. तेव्हा बायांनो, आज इथं मागं दाराशी ज्या बसल्यात, त्यांनी पुढं यावं. तबक तयार आहे.

सरूबाईला माउली पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. ही लांबल्या वाटेची आखूड कहाणी, भरल्या ओटीनं सुफळ संपूर्ण.